मोडायची राहिलेली वाट

पहिल्या दिवशी विर्पीनं सगळं शिस्तीत केलं होतं, हे तिच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं तिच्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

जानेवारीचा शेवटचा रविवार होता. उणे अठ्ठावीस. उत्तरेकडच्या कौकोवारा गावाच्या मागच्या टेकडीपलीकडं पाइनचं विरळ रान आहे, आणि त्या रानात एक माळ. माळावर बर्फाखाली दगडफुलाच्या जातीचं पांढरं शेवाळ असतं, आणि ते खायला रानरेनडिअरांचा कळप दर हिवाळ्यात तिथं मुक्कामाला येतो. खुरांनी बर्फ उकरायचा, खड्डा करायचा आणि त्यात डोकं खुपसून चरायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. त्या वर्षी कळपात अकरा जणी होत्या आणि पुढारीण होती एकशिंगी. डावं शिंग तिला कधी आलंच नव्हतं. विर्पी तिला नऊ हिवाळे ओळखत होती, आणि नऊही हिवाळे तिला तिचा एकच फोटो हवा होता. टेकडीच्या खिंडीतून माळावर ऊन उतरतं ते पावणेबाराला, आणि अर्ध्या तासात निघूनही जातं. तेवढ्यात एकशिंगीनं खड्ड्यातून डोकं वर काढावं, नाकावर बर्फ, पापण्यांवर बर्फाचे कण, तोंडातून वाफ, आणि तिनं सरळ कॅमेऱ्याकडं बघावं. बस्स, एवढंच.

आता फोटो काढणं काही अवघड नाही. अवघड असते ती वाट.

हे तिला टाउनोकाकानं शिकवलं होतं. टाउनो म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा विर्पी सहा वर्षांची होती. काकानं तिला स्कीवर उभं केलं आणि रानात नेलं. "हे बघ पोरी," तो म्हणायचा, "भुसभुशीत बर्फात लांडगा पोटापर्यंत रुततो. रेनडिअरचे खूर रुंद, पाय लांब, ती जाते निघून. तेवढ्यावर तर ती जगते, दुसरं आहे काय तिच्याकडं? आणि आपण शहाणे काय करतो? स्कीनं बर्फ दाबतो. रात्री तो थंडीनं आवळतो. सकाळी लांडग्याला डांबरी रस्ता तयार!"

म्हणून कौकोवारातल्या जुन्या माणसांचा नियम असा, की एका वाटेनं दुसऱ्यांदा जायचं नाही. जनावरापर्यंत वाट न्यायची नाही, तीनशे पावलं अलीकडं थांबायचं. आणि परतताना शेवटच्या माणसानं वाट मोडायची, म्हणजे टाचेच्या लाथा घालून ती खणायची आणि वर आडव्या फांद्या टाकायच्या. शेवटचा माणूस म्हणजे नेहमी घरातलं सगळ्यांत लहान पोर. विर्पीनं सातव्या वर्षी वाट मोडली होती, आणि तीसुद्धा रडत रडत, कारण पुढं काका काय दाखवतोय ते मागून काही दिसायचं नाही.

तर त्या रविवारी तिनं नवी वाट काढली. तंबू, लेन्स, तिपाई असं सगळं लादलेली घसरगाडी कमरेला बांधून ती साडेतीन तास बर्फ तुडवत गेली. तीनशे पावलं अलीकडं थांबली, आणि परतताना शेवटचा तुकडा नीट मोडूनही आली. फोटोत एकशिंगी तांदळाच्या दाण्याएवढी आली होती.

सोमवारी तिला नोकरी होती. ती शाळेची टॅक्सी चालवते. वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करून नऊला शाळेत सोडायची आणि दीडला परत न्यायची. मधल्या वेळात नवी वाट काढत गेलं तर माळावर पोचेपर्यंत ऊन निघून जाणार, आणि उशीर झाला तर पोरं फाटकाशी थंडीत कुडकुडत उभी राहणार. जुन्या वाटेनं मात्र पाऊण तास. तिनं टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून दोन मिनिटं विचार केला. "एकच दिवस," ती स्वतःशी म्हणाली, आणि जुन्या वाटेला लागली. आदल्या दिवशी मोडलेला तुकडा तिनं स्वतःच्या स्कीनं पुन्हा दाबून सारखा केला.

मंगळवारी ती शंभर पावलं पुढं गेली. बुधवारी आणखी शंभर. परतताना वाट मोडली नाही, कारण उद्या पुन्हा लागणारच होती. एकशिंगी पहिल्या दिवशी मान वर करून बघायची, दुसऱ्या दिवशी नुसते कान हलवायची. बुधवारी तर तिनं तेवढंही केलं नाही. गुरुवारी विर्पी चाळीस पावलांवर बसली होती. पावणेबारा वाजले, ऊन उतरलं, एकशिंगीनं खड्ड्यातून डोकं काढलं आणि सरळ तिच्याकडं बघितलं. नाकावर बर्फ, पापण्यांवर कण, वाफ, सगळं होतं. विर्पीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथल्या तिथं गोठलं. सामान आवरून ती गाणं म्हणत खाली आली, आणि टॅक्सीत पोरांना विनाकारण चॉकलेटं वाटली.

शुक्रवारी जायची काही गरज नव्हती. पण मन आवरत नव्हतं म्हणून ती पुन्हा गेली.

वाटेच्या तोंडाशीच तिला पहिलं पाऊल दिसलं. तळहातापेक्षा मोठं. त्याच्यापुढं दुसरं, मग तिसरं, सगळी तिच्याच स्कीच्या वाटेत, एकावर एक नेमकी पडलेली. एकजण गेल्यासारखं दिसत होतं, पण वळणावर पावलं फाकली तेव्हा कळलं की पाचजण होते. बाजूच्या भुसभुशीत बर्फात एकही पाऊल नव्हतं. कशाला असेल? चांगली घट्ट वाट थेट माळापर्यंत काढून दिली होती त्यांना.  पुढं काय दिसणार ते तिला कळून चुकलं होतं, तरी ती गेली.

तिघी पडल्या होत्या. दोघी तर आपापल्या खड्ड्यातच, मान वर काढायलाही सवड मिळाली नव्हती. एकशिंगी थोडी धावली होती, आणि तीही विर्पीच्याच वाटेनं, कारण तिलासुद्धा तिथं पळायला सोपं वाटलं असणार. डोमकावळे बसले होते. बाकीच्या आठजणी रान सोडून पूर्वेला निघून गेल्याच्या खुणा होत्या. विर्पी उभी राहिली, आणि हात सवयीनं कॅमेऱ्याकडं गेला. तिनं सहा फोटो काढले. मग आपण काय करतोय हे ध्यानात आलं, आणि ती बर्फातच बसली.

असं काही दिसलं की पेंत्तीला कळवायचं असतं. पेंत्ती हा गावातला लांडग्या-अस्वलांच्या नोंदी ठेवणारा माणूस, सगळे त्यालाच फोन करतात. विर्पीनं खिशातून फोन काढलाही होता. पण साडेबारा वाजून गेले होते, दीडला पोरं वाट बघतील, संध्याकाळी करू, असं म्हणत तिनं तो परत ठेवला. संध्याकाळी केला नाही. शनिवारी दिवसभर बर्फ पडला, गुडघाभर, आणि तिनं खिडकीतून तो पडताना बघितला. पडू दे, असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली, पण म्हणून फोन काही केला नाही.

सोमवारी टाउनोकाकाकडं कॉफी असते. हे गेली वीस वर्षं चालत आलंय. केर्त्तूकाकू वेलची घातलेला गोड पाव भाजते आणि ज्याला यायचं तो येतो. काका आता एकोणऐंशीचा. तीन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाकडं बघायला तो मान वळवून भलतीकडं बघतो, आणि नवख्याला वाटतं हा आपल्यावर रागावलाय.

पण रान त्यानं सोडलं नव्हतं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गावाची मोजणी असते. रानात तीन बाजूंची बारा किलोमीटरची आखून दिलेली रेघ आहे, तिच्यावरून स्कीनं जायचं आणि रेघ ओलांडून गेलेलं प्रत्येक पाऊल कुणाचं ते लिहायचं. तेहेतीस वर्षं काकानं एकही मोजणी चुकवलेली नाही. डोळे गेल्यापासून विर्पी पुढं असायची. ती सांगायची, "चार बोटं, एका रेघेत, नखं दिसतायत, शेपूट थोडी घासलीय." काका मागून म्हणायचा, "कोल्हा. म्हातारा आहे, माझ्यासारखा." आणि मग हसून, "डोळे तुझे, अक्कल माझी. बरं चाललंय की आपलं!" ते त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

एरवी तो एकटा तळ्यावर जायचा, बर्फात पाडलेल्या भोकातून मासे धरायला. आपल्याच जुन्या वाटेनं, पायांनी चाचपत. नवीन बर्फाखालची घट्ट वाट त्याच्या स्कीला बरोबर लागायची. नियम करणाऱ्यालाच नियम मोडावा लागत होता, पण तळ्याकडं रेनडिअर फिरकत नाहीत म्हणून त्यानं स्वतःला तेवढी सूट दिली होती.

तर त्या सोमवारी पेंत्ती आला, बूट झटकले आणि बसायच्या आधीच बोलायला लागला. "डोमकावळे दिसले म्हणून काल माळावर गेलो होतो. तिघी मेल्या. एकशिंगीसुद्धा."

केर्त्तूकाकूच्या हातातली किटली तशीच राहिली. "अगं बाई गं. एकशिंगी?"

"लांडगे आले कसे म्हणाल तर मजेत! बसमध्ये बसल्यासारखे. खालून थेट माळापर्यंत स्कीची वाट आहे. वर नवा बर्फ पडलाय, पण मी काठी घालून बघितली, खाली दगडासारखी घट्ट. एका फेऱ्यात नाही होत तसली. कुणी अकलेचा कांदा चार-पाचदा गेलाय तिथून."

विर्पीनं पावाचा तुकडा तोंडात घातला होता.  आता बोलायचं, तिनं ठरवलं. हा घास गेला की बोलायचं. एवढ्यात काकानं कप खाली ठेवला. बशीवर तो जोरात वाजला.

"मी असेन," तो म्हणाला.

"तू कशाला असशील?" पेंत्ती म्हणाला. "तू तळ्यावर जातोस."

"मागच्या बुधवारी चुकलो होतो." काका कुणाकडंच बघत नव्हता, की सगळ्यांकडं बघत होता, ते त्याच्या डोळ्यांवरून कळायला मार्ग नाही. "केर्त्तूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं स्की चुलीत घातल्या असत्या. तळ्याकडं निघालो आणि कुठंतरी वेगळीकडंच घट्ट लागलं पायाला. मला वाटलं, ही माझीच. गेलो तसाच. बाजूला पाइन लागले तेव्हा कळलं की तळं नाही हे. मागं फिरलो. तासभर फिरत होतो. आणि त्याच्या आधीही असा कितीदा गेलो असेन, कुणास ठाऊक. मला कुठं दिसतंय? पायांवर विसंबून होतो मी."

"पण काका—" विर्पी म्हणाली.

"थांब गं." त्यानं हात वर केला. "चाळीस वर्षं गावाला सांगत आलो. ह्याला ओरडलो, त्याला ओरडलो. आणि शेवटी मीच नेऊन घातलं लांडग्यांना. एकशिंगीला! ती वासरू होती तेव्हापासून..."  त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि मग डोळेही. विर्पीनं काकाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या मर्तिकालासुद्धा नाही.

 पेंत्तीनं विर्पीकडं बघितलं, म्हणजे तू काहीतरी बोल, समजूत घाल त्याची, अशा अर्थानं. विर्पीच्या जिभेवर सगळं होतं. तीन शब्दांचं तर काम होतं, 'वाट माझी होती'. ती मूग गिळून बसली. का बसली, ते तिनं नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. भीती वाटली म्हणावी तर काकानं तिला कधी साधी चापटही मारली नव्हती. खरं सांगायचं तर एका क्षणाला तिला हायसं वाटलं. दुसऱ्या कुणीतरी ते ओझं उचललं, म्हणून हायसं. आणि तो क्षण गेल्यावर, आता बोलायचं म्हणजे ते हायसं वाटणंही सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी काकानं स्की घासूनपुसून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, आडोशाला खुंटीवर टांगल्या. "आंधळ्यानं रानात जाऊ नये," एवढंच केर्त्तूला म्हणाला. मोजणीतूनही नाव काढून घेतलं.

पुढचे दिवस विर्पीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोरांना सोडायची, आणायची, घरी येऊन बूट न काढता बसायची. केर्त्तूकाकूचा एक दिवसाआड फोन यायचा. "खिडकीशी बसून असतो गं दिवसभर. खिडकीतून दिसतंय काय त्याला? सौना तापवली तरी उठत नाही. काल मला म्हणतो, केर्त्तू, माझे पायसुद्धा आंधळे झाले. तू ये ना जरा. तुझं ऐकतो तो."

"येते हं काकू," विर्पी म्हणायची, आणि जायची नाही. दोन्ही सोमवारची कॉफीही तिनं चुकवली. गाडी बिघडली म्हणून सांगितलं. गाडीला काहीएक झालं नव्हतं.

मधेच निसर्गमंडळाच्या बाईंचा फोन आला. फोटो विर्पीनं गुरुवारी रात्रीच, आनंदाच्या भरात, पाठवून दिला होता. "अहो, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर घेतोय आम्ही!" बाई खुशीत होत्या. "काय बघतेय हो ती! इतक्या जवळ गेलात आणि ती बुजली नाही? जमवलंत तरी कसं?"

"सवय झाली होती तिला माझी," विर्पी म्हणाली, आणि बाईंचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला.

मोजणीच्या आदल्या बुधवारी केर्त्तूकाकूचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता. "आज येच. त्यानं बोलावलंय. तुला काहीतरी द्यायचंय म्हणतो."

विर्पी गेली. दुपार होती, बाहेर लख्ख ऊन पडलेलं. काका स्वयंपाकघरात बसला होता, दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. टेबलाला टेकून त्याच्या स्की उभ्या होत्या. लांब, रुंद, रानात वापरायच्या, बर्चच्या लाकडाच्या. त्यानं स्वतः घडवलेल्या. लाकडात पाणी मुरू नये म्हणून खालून ताजं डांबर लावलेलं होतं, सगळ्या घरात त्याचा वास भरला होता.

"आलीस? बस," तो म्हणाला. "ह्या घेऊन जा."

"मी? कशाला?"

"मग कुणाला देऊ? पेंत्तीला? तो मेला एका हिवाळ्यात मोडून ठेवील." तो हसायचा प्रयत्न करत होता. "सकाळी डांबर लावलं, हातांनी चाचपून. तुझ्या उंचीला थोड्या मोठ्या होतील, पण चालेल. लाकूड अजून जिवंत आहे. विर्पे, आता गावात वाटेची अक्कल असलेली तू एकटीच उरलीस. तुला कळतं कुठं थांबायचं ते. मी शिकवलंय ना. माझं मलाच नाही जमलं, पण तुला जमतं. म्हणून तुलाच."

विर्पी उभीच होती. तिला वाटलं, ह्या स्की जर आपण हातात घेतल्या तर आपण संपलो. मग मरेपर्यंत हे कुणाला सांगता येणार नाही.

"काका, वाट माझी होती," ती म्हणाली.

"काय?"

"माळावरची. ती तुझी नव्हती. माझी होती. रविवारी काढली मी, आणि मग गुरुवारपर्यंत रोज त्याच वाटेनं गेले. घसरगाडी घेऊन. अगदी चाळीस पावलांपर्यंत. फोटोसाठी. रविवारनंतर मोडली नाही एकदाही. तू बुधवारी चुकलास ना, तेव्हा तुझ्या पायाला लागली ती माझीच वाट. तू जायच्या आधीच ती घट्ट झालेली होती. तू काही केलं नाहीस काका. सगळं मी केलं."

 काका डोकं एका बाजूला कलतं करून, कडेच्या नजरेत ती सापडते का ते बघत राहिला.

"मी नव्हतो?" तो म्हणाला.

"नाही."

"नक्की? उगाच माझ्या समाधानाला सांगत नाहीस ना?"

"काका, शपथ. माझ्याकडं फोटो आहेत. शुक्रवारचे. माझ्या वाटेत त्यांची पावलं आहेत."

"मी नव्हतो!" काका एकदम उठला, खुर्ची मागं पडली. "केर्त्तू! अगं ए केर्त्तू! ऐकलंस का? मी नव्हतो! माझे पाय बरोबर होते! घट्ट लागलं म्हणजे घट्ट होतंच तिथं!" केर्त्तूकाकू पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. काकानं तिला दंडाला धरून गदगदा हलवलं. त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता. "मला वाटलं, गेलं सगळं. डोळे गेले, पाय गेले, आता काय उरलं? अगं पण पाय आहेत! आहेत पाय!" त्यानं खरोखरच जमिनीवर दोनदा पाय आपटून बघितले. तो हसत होता, आणि हसता हसता त्यानं विर्पीचा हातही धरून दाबला.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर विर्पीला सोसल्या असत्या. ती शिव्यांच्याच तयारीनं उभी होती. हा आनंद तिला बघवेना.

मग तो हळूहळू शांत झाला. पडलेली खुर्ची चाचपून उभी केली आणि बसला.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारी. दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे सोमवारी कॉफीला बसली होतीस तेव्हा..."

"माहीत होतं."

काकानं मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं. "सोळा दिवस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "एकशिंगीचं समजू शकतो मी. समोर जनावर आलं की माणसाला भान राहत नाही. मीही तरुणपणी काय कमी वेडेपणा केला? पण विर्पे, मी तुझ्यासमोर बसून रडलो होतो गं."

  केर्त्तूकाकू पीठ लागलेले हात तसेच धरून उभी होती. तिनं विर्पीकडं एकदाच बघितलं, आणि ते बघणं विर्पीला काकाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"कॅलेंडरला दिलेला फोटो मी परत मागवलाय," विर्पी म्हणाली. तिनं अजून मागवला नव्हता. मागवणार होती. "म्हणजे, मागवते. आजच."

"त्यानं काय होणारेय?" काका म्हणाला. त्यानं स्की उचलल्या आणि काखेत मारल्या. "केर्त्तू, माझी टोपी कुठाय? तळ्यावर जाऊन येतो."

"मी येते बरोबर," विर्पी पटकन म्हणाली.

"नको. आज नको." दाराशी तो थांबला. पाठमोराच. "रविवारी मोजणीला ये. डोळे मी पेंत्तीचे घेईन. तो सांगेल मला. तू शेवटी राहा आणि वाट मोड."

तो गेला. केर्त्तूकाकूनं हात धुतले, कॉफी ओतली आणि कप विर्पीपुढं ठेवला. "पी," ती म्हणाली, "गार होईल." आणि पाठ करून पीठ मळायला लागली. फोटो परत घ्यायचा फोन विर्पीनं अंगणात उभ्या उभ्या केला. बाईंना कारणही सांगितलं.

रविवारी सहाजण होते. सगळ्यांना माहीत होतं. कौकोवारात अशी गोष्ट माहीत व्हायला एक दिवसही लागत नाही.  "थंडी आहे आज," एवढंच तिला म्हणाले, आणि आपापल्या स्की बांधायला लागले. पेंत्ती सगळ्यांत पुढं, त्याच्या मागं काका, मग बाकीचे, आणि शेवटी विर्पी. तिच्यापुढं पेंत्तीची पुतणी होती, नऊ वर्षांची. खरं तर वाट मोडायचं काम तिचं होतं. तिनं दोनदा मागं वळून बघितलं, ही एवढी मोठी बाई आपलं काम का करतेय म्हणून.

विर्पी प्रत्येक वळणाशी थांबायची, स्की काढायची, टाचेनं वाट खणायची, फांद्या आडव्या टाकायची आणि पुन्हा धावत सगळ्यांना गाठायची. घामानं तिची पाठ भिजली. पुढून पेंत्तीचा आवाज यायचा, "गोल, लहान, उड्या मारत गेलंय." काकाचा आवाज, "ससा रे बाबा, दुसरं काय!" आणि सगळे हसायचे. काका पाय मोकळे सोडून चालला होता, मान वर, एखाद्या तरुणासारखा. त्याला बघून विर्पीला बरं वाटायचं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचाही राग यायचा.

दुपारी रेघ माळाच्या कडेला आली. इथं दर वर्षी सगळ्यांत जास्त वेळ लागतो. रेनडिअरांची पावलं इतकी असतात की मोजता मोजता बोटं गोठतात. मागच्या वर्षी एकोणसाठ होती. विर्पीनंच सांगितली होती, आणि काकानं ती मागून मोठ्यानं मोजली होती.

पेंत्ती थांबला. सगळेच थांबले. समोर माळ पसरला होता, पांढरा, सपाट, त्यावर खिंडीतून ऊन पडलेलं.

"काय दिसतंय?" काकानं विचारलं.

पेंत्ती डावीकडं बघत राहिला, मग उजवीकडं. "काही नाही, टाउनो."

"नीट बघ. जुनीही चालतील. बुजलेली असली तरी कडा दिसतात त्यांची."

"बघितलं. एकही नाही."

 काकानं मागं वळून बघितलं नाही. "मग शून्य लिही," तो म्हणाला.

विर्पीनं स्की काढल्या आणि वाट खणायला लागली.